मागून सायरनचा पाठलाग आला तर रोडवर काय करायचं, आणि नंतर साहेबांना काय विचारायचं

हे मी रोज रोडवर असणाऱ्या लोकांसाठी लिहितोय. भाजीपाल्याची पिकअप चालवणारे, पहाटे दुधाचे कॅन लटकवून निघणारे, कापसाच्या सीझनला ट्रॉली घेऊन जिनिंगबाहेर लाईनीत रात्र काढणारे, आणि ज्यांची पोरं नवी बाईक घेऊन रात्री हायवेच्या ढाब्यावर जातात ते आईबाप. मी स्वतः बारा वर्षं झाली अमळनेर-धुळे-साक्री-नवापूर करत सुरतला माल नेतो, आणि या बारा वर्षांत चार वेळा पाठलाग माझ्या गाडीच्या अगदी बाजूने गेलाय. दोनदा पोलिसांचा, एकदा वाळूची गाडी पकडणाऱ्या पथकाचा आणि एकदा चक्क गावकऱ्यांचा. चारही वेळा रोडवरच्या माणसांना काय करावं ते कळत नव्हतं, कोणी मध्येच थांबलं, कोणी मोबाईल काढून डिव्हायडरवर चढलं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. माणसाचा जीव धोक्यात असेल, कोणी पोरीला उचलून पळवत असेल, खून करून पळत असेल, तर पोलिसांनी गाडी मागे घालावी, घालायलाच पाहिजे. पण वाळू, गुटखा, दारू, विनालायसन पोरगं, हेल्मेट नाही, यासाठी भरल्या रोडवर शंभर-एकशेवीसच्या स्पीडने मागे लागणं मला मान्य नाही, कारण ती गाडी उद्याही सापडते आणि रोडवर मेलेला माणूस उद्या परत येत नाही. हे मी का म्हणतो ते खाली येईल. आधी कामाचं.

मागून आला तर

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, पाठलागात आधी येते ती पळणारी गाडी आणि तिला सायरन नसतो. बऱ्याचदा लाईटही बंद असते. सायरन तुम्हाला ऐकू येतो तो तिच्या मागच्या गाडीचा, म्हणजे सायरन ऐकून तुम्ही आरशात निळा-लाल दिवा शोधत बसता तोवर खरा धोका तुमच्या मागच्या बंपरला आलेला असतो. त्यामुळे सायरन ऐकला की दिवा शोधू नका, डावा इंडिकेटर द्या, पाय ॲक्सिलेटरवरून काढा, हळूहळू डावीकडे सरका आणि डांबर सोडून साईडपट्टीवर उतरा. ब्रेक एकदम दाबू नका. मागचा ट्रकवाला पण घाबरलेलाच असतो, तो तुमच्यात घुसेल.

साईडपट्टीवर उतरल्यावर लगेच परत रोडवर येऊ नका. आपले लोक इथेच फसतात. पहिली पोलीस गाडी गेली की झालं असं समजून सगळे एकदम गाड्या काढतात आणि मागून दुसरी गाडी येते, कधी तिसरी पण. एक-दोन मिनिटं थांबा, आरसा बघा, मागे मान वळवून बघा, मग निघा. एवढ्या वेळात भेंडी काही खराब होत नाही.

चौपदरी झाल्यापासून अजून एक भानगड वाढलीय, पळणारा माणूस पुढे नाकाबंदी दिसली की डिव्हायडरच्या फटीतून उलट्या लेनमध्ये घुसतो आणि राँग साईडने येतो. समोरून कोणी डिपर मारत येत असेल किंवा पुढच्या गाड्या एकदम डावीकडे सरकायला लागल्या तर कारण विचारत बसू नका, तुम्ही पण सरका. रात्री डिव्हायडरच्या बाजूची लेन मोकळी दिसते म्हणून त्यात घालायचा मोह होतो, तो टाळा, राँग साईडवाला नेमका त्याच लेनमध्ये समोर येतो कारण त्याला ती त्याची डावी बाजू वाटते.

फाट्यावर असाल तर हिरवा दिवा असला तरी पुढे जाऊ नका. आणि आपल्या फाट्यांवर दिवा असतोच कुठे, चहाची टपरी, दोन काळीपिवळ्या आणि एसटीची वाट बघणाऱ्या बाया असतात. अशा ठिकाणी तुम्ही पायी असाल तर रोडच्या कडेला उभं राहून बघू नका, टपरीच्या मागे, झाडाच्या मागे, पक्क्या ओट्याच्या मागे जा. वळणावर असाल तर वळणाच्या बाहेरच्या अंगाला कधीच थांबू नका. स्पीडमधली गाडी ताबा सुटल्यावर बाहेरच फेकली जाते, आतल्या बाजूला सहसा येत नाही. कोंडाईबारी घाटात नाहीतर लळिंगला उतारावर हे रोज बघायला मिळतं, तुटलेले कठडे कोणत्या बाजूला आहेत ते एकदा नीट बघा.

बाईकवाल्यांनी गाडी साईडपट्टीच्याही खाली, शेताच्या बाजूला घ्यायची आणि उतरून उभं राहायचं. मागे बाई-लेकरू बसलेलं असेल तर आधी त्यांना उतरवा.

थोडा हिशोब पण सांगतो कारण स्पीड म्हणजे काय हे आकड्याशिवाय डोक्यात बसत नाही. ताशी १०० ला गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते. ड्रायव्हरला बैलगाडी दिसली आणि पाय ब्रेकवर गेला यात दीड सेकंद धरा, म्हणजे ४० मीटर तर ब्रेक लागायच्या आधीच गेले, त्यानंतर कोरड्या चांगल्या डांबरावर थांबायला अजून ५५-६० मीटर. मिळून शंभर मीटर झाले. पन्नासच्या स्पीडला हेच सगळं ३५-४० मीटरमध्ये होतं. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. हे साध्या कारचं झालं, वाळूने भरलेल्या डंपरचं तर विचारूच नका. जुलै २०२३ मध्ये शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ ब्रेक फेल झालेला कंटेनर गाड्यांना उडवत हॉटेलात घुसला, किमान १० माणसं गेली. तिथं पाठलाग नव्हता, पण जड गाडी स्पीडमध्ये ताब्याबाहेर गेल्यावर काय होतं ते आपल्या भागाने बघितलेलं आहे.

कायद्याचं पण लक्षात असू द्या, अग्निशमन, ॲम्ब्युलन्स आणि सरकारने ठरवलेल्या इमर्जन्सी गाड्यांना रस्ता दिला नाही तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई मध्ये ६ महिन्यांपर्यंत कैद नाहीतर १०,००० रुपये दंड, नाहीतर दोन्ही असं आहे.

हात केला तर थांबा

हे पोरांसाठी, आणि पोरांच्या आईबापांसाठी तर जास्तच. अर्ध्याहून जास्त पाठलाग चालू होतात ते कोणी मोठा डाकू असतो म्हणून होत नाहीत, असं माझं बारा वर्षांचं बघणं आहे. पोरगं ट्रिपल सीट असतं, लायसन नसतं, बापाच्या नावाची गाडी न सांगता आणलेली असते, हवालदाराने हात केला की पोटात गोळा येतो आणि ॲक्सिलेटर आपोआप पिळला जातो. त्या एका सेकंदासाठी घरी आधीच बोलून ठेवा. पोराला सांगा, बाबा, थांब, दंड मी भरेन, घरी आल्यावर मारणार नाही. हे ऐकलेलं पोरगं थांबतं, आणि बापाच्या माराची भीती असलेलं पळतं. मी माझ्या पोराला असं सांगितलंय आणि त्याच्या चार दोस्तांना पण बसवून सांगितलंय.

आकडे त्यांना तोंडपाठ करून द्या. हेल्मेटचा दंड जास्तीत जास्त हजार, लायसन नसल्याचा ५,०००, सांगितलेलं ऐकलं नाही तर कलम १७९ खाली २,००० पर्यंत. पळालं तर धोकादायक ड्रायव्हिंगचं कलम १८४ लागतं, त्यात पहिल्याच वेळी ६ महिने ते १ वर्ष कैद होऊ शकते, वर भारतीय न्याय संहितेचं बेदरकार गाडी चालवल्याचं २८१ लागतं ते वेगळं, आणि कोणी मेलं तर १०६. पोरगं अठराच्या आतलं असेल तर १९९-ए खाली बाप किंवा गाडीचा मालक अडकतो, ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, आणि त्या पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. कागदं घरी राहिली म्हणून कोणी पळत असेल तर त्याला डिजिलॉकर नाहीतर एमपरिवहन दाखवून द्या, मोबाईलमधली कागदं चालतात.

आता उलट बाजू. रात्री एकटे असाल, साध्या कपड्यातली माणसं खाजगी गाडीतून हात करत असतील, तर घाबरायला कारण आहे, आपल्याकडे तोतया पोलीस बनून लुटायचे प्रकार होतात. अशा वेळी पळू नका आणि तिथंच उतरू पण नका. चारही इंडिकेटर लावा, स्पीड चाळीसच्या आत आणा, काचा वर, आणि पुढचा पेट्रोलपंप किंवा टोलनाका जिथं उजेड आणि माणसं आहेत तिथं जाऊन थांबा. चालता चालता स्पीकरवर ११२ लावून सांगा, माझ्या मागे अमुक नंबरची गाडी आहे, पोलीस आहेत का माहीत नाही, मी अमुक पंपावर थांबतोय. तुमचा हा कॉल रेकॉर्ड होतो, नंतर कोणी म्हणालं की हा पळाला तर तो कॉल तुमच्या बाजूने बोलतो. लायसन दाखवायला सांगणारा पोलीस वर्दीत असला पाहिजे असं कायद्याच्या कलम १३० मध्येच आहे.

आपण मागे लागायचं नाही

गाडी घेऊन आपणच मागे लागायची आपल्याकडे फार खाज आहे. कोणीतरी ग्रुपवर टाकतं, पांढरी व्हॅन आलीय, पोरं पळवणारे आहेत, की दहा बाईका सुटतात. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ ला काय झालं ते विसरू नका. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना पोरं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. ते कोणालाच पळवायला आलेले नव्हते. आपल्या जिल्ह्यात, आपल्यासारख्याच लोकांच्या हातून झालं हे.

संशयाची गाडी दिसली तर नंबर, रंग, कोणत्या दिशेला गेली, कोणत्या फाट्यावरून गेली, एवढं ११२ ला सांगा आणि तिथंच राहा. आपल्या दहा बाईका मध्ये घुसल्या की पोलिसांनाही कळत नाही पळणारा कोण आणि पकडणारा कोण. व्हिडिओ काढायचाच असेल तर रोडपासून लांब, भिंतीच्या आडून, आणि मोबाईल आडवा धरून. ओरिजिनल फाईल मोबाईलमध्ये तशीच ठेवा, व्हॉट्सॲपवर पाठवली की ती दाबली जाते, क्वालिटी आणि वेळेची माहिती जाते, नंतर कोर्टात ओरिजिनलच लागते.

माझ्या मावसभावाचं

हे सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. माझा मावसभाऊ दूध घालतो, स्प्लेंडरला चार कॅन. तीन वर्षं झाली, हिवाळ्यातली पहाट, धुकं होतं. नदीकडून वाळूचा डंपर निघाला आणि मागे एका पथकाची जीप लागली. कुठलं पथक ते लिहीत नाही, नाव लिहून माझा मुद्दा मोठा होत नाही. डंपर ज्या स्पीडने गावच्या रोडवर आला त्या स्पीडला तिथं वळणच बसत नाही. भावाने सायरन ऐकला, बाजूला पण घेतलं, पण तो वळणाच्या बाहेरच्या अंगाला थांबला होता. डंपरचं मागचं चाक गेलं ते बाईकवरून आणि त्याच्या डाव्या पायावरून. जीप थांबली, त्यांनीच त्याला उचलून नेलं, हे पण सांगितलं पाहिजे, त्या पोरांचे हात थरथरत होते. डंपर निघून गेला.

आणि तो डंपर तिसऱ्या दिवशी मालकाच्या शेडमागे उभा सापडला. नंबर आधीपासून माहीत होता, मालक कोण ते अख्ख्या तालुक्याला माहीत होतं, आदल्या वर्षी त्याच गाडीवर दंड पण झालेला होता. मावशी दवाखान्यात एवढंच म्हणाली, "गाडी ते सापडी गई रे भाऊ, मन्हा पोर्‍याना पाय कोन दी आते?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. त्या दिवसापासून मी हे सगळं वाचायला लागलो, कायदा, बाहेरच्या देशात काय चालतं, कोणी काय नियम केले.

वाद काय आहे

अमेरिकेत हा वाद फार जुना आहे आणि तिथं पाठलाग टीव्हीवर लाईव्ह दाखवतात. २००१ मध्ये जॉर्जिया राज्यात १९ वर्षांचा एक पोरगा ताशी साधारण ८८ किलोमीटरची मर्यादा असलेल्या रोडवर ११७ ने चालला होता, पोलिसांनी मागून दिवा लावून थांबायला सांगितलं, तो पळाला, शेवटी पोलिसाने मागून गाडीने ढकललं आणि पोरगं मानेपासून खाली लुळं पडलं. केस सुप्रीम कोर्टात गेली, स्कॉट विरुद्ध हॅरिस, २००७ मध्ये ८ विरुद्ध १ ने पोलिसांच्या बाजूने निकाल लागला. जजांनी गाडीतल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ बघितला आणि म्हणाले हा पोरगा लोकांचा जीव धोक्यात घालत होता, आणि पळणाऱ्याला सोडून द्यायचा नियम केला तर प्रत्येक जण स्पीड वाढवून सुटायला बघेल. विरोधातले एकटे जज स्टीव्हन्स, त्यांचं म्हणणं होतं की पोलिसांकडे गाडीचा नंबर होता, नंतर पकडता आलं असतं. मला त्या एकट्याचं पटतं, आमच्या डंपरचाही नंबर होता. पण बाकी आठांचं म्हणणं फालतू आहे असं पण मी म्हणणार नाही.

सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल या पेपरने २०२४ मध्ये शोधून छापलं की २०१७ ते २०२२ या सहा वर्षांत अमेरिकेत पाठलागात ३,३०० च्या वर माणसं मेली, त्यात ५०० हून जास्त असे होते ज्यांचा पाठलागाशी काही संबंधच नव्हता, आपल्या रस्त्याने चाललेले. तिथल्या पोलीस अधिकाऱ्यांच्याच एका संस्थेने, पोलीस एक्झिक्युटिव्ह रिसर्च फोरमने, २०२३ मध्ये सांगितलं की हिंसक गुन्हा झालेला असेल आणि तो माणूस लगेच कोणाचा जीव घेईल अशी भीती असेल तरच मागे लागा. पोलिसांच्याच घरातून आलेलं हे बोलणं आहे, म्हणून मला जास्त वजनदार वाटतं.

दुसरी बाजू बघायची तर न्यूझीलंड बघा. त्यांनी २०२० च्या शेवटी नियम कडक केला, जवळजवळ पाठलाग बंदच. मग पळणारे वाढले, चोर माजले अशी ओरड झाली आणि २०२३ मध्ये नियम परत सैल केला. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराचं पण तसंच, २०१० मध्ये हिंसक गुन्ह्यांपुरतं ठेवलं आणि २०१७ मध्ये ढिलं केलं. म्हणजे नुसतं बंद करा म्हणून भागत नाही, बंद केलं तर त्याच्या जागी काय ते पण सांगावं लागतं. ब्रिटनमध्ये पाठलागाचं वेगळं ट्रेनिंग असतं, पहिला टप्पा वेगळा आणि अडवायचा टप्पा वेगळा, आणि दुसऱ्या टप्प्यात ट्रेनिंग झालेलेच ड्रायव्हर लागतात, कंट्रोल रूममध्ये बसलेला अधिकारी थांबा म्हणाला की थांबायचं. काही ठिकाणी पळणाऱ्या गाडीवर चिकटणारं जीपीएस पोलीस गाडीच्या पुढच्या भागातून फेकतात आणि मग आरामात मागोमाग जातात.

आपल्याकडे माझ्या एका हवालदार दोस्ताने मला जे ऐकवलं ते पण लिहितो कारण ते खरं आहे. तो म्हणाला, नाना, वाळूच्या अर्ध्या गाड्यांना नंबरप्लेटच नसते, मी कोणाच्या घरी जाऊ. आणि आम्ही आडवे झालो तर अंगावर घालतात. दोन्ही गोष्टी मी डोळ्यांनी बघितल्यात. विनानंबरच्या ट्रॅक्टरला मी पण रोज ओव्हरटेक करतो.

पण याच्यावर माझं म्हणणं असं. वाळूची गाडी आकाशातून येत नाही, बोरी असो, गिरणा असो, पांझरा असो, नदीतून वर यायला दोन-तीनच वाटा असतात. त्या वाटांवर चर खोदले की गाडी वर येतच नाही, हे महसूलवाले करतातही, मग गावातले काही लोक रातोरात चर बुजवतात, तिथं ग्रामपंचायतीने लक्ष ठेवलं पाहिजे. गाडी रोडवर आलीच तर वायरलेसवर पुढच्या ठाण्याला सांगून नाकाबंदी लावता येते, आपल्याकडे एका गावातून निघालेल्या रोडला पुढे फाटे तरी किती असतात. मोठी गाडी हायवेला लागली तर फास्टॅगला टोलची वेळ पडते. आणि कायदा तर लांब हाताचा आहे, जमीन महसूल संहितेच्या ४८(७) मध्ये चोरलेल्या वाळूच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, आणि २०१५ पासून वाळू तस्कराला एमपीडीए (धोकादायक माणसांना स्थानबद्ध करायचा राज्याचा कायदा) खाली आतही टाकता येतं. हे सगळं टेबलावर बसून होतं, ऐंशीच्या स्पीडने गावातून जीप न्यावी लागत नाही.

अटकेच्या कायद्यातही विचार केलेला आहे. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ बघा, अटक करताना विरोध झाला तर लागेल ते सगळं करता येतं, पण ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही त्याचा जीव घ्यायचा अधिकार त्या कलमाने मिळत नाही. मग जो आरोपीही नाही, नुसता दूध घेऊन चाललाय, त्याच्या जिवाचा हिशोब कोणी तरी आधी करायला पाहिजे की नाही?

कोणाला लागलं तर

१०८ ला फोन, सोबत ११२ ला. हायवेवर असाल तर १०३३. जखमीला उचलायला घाबरू नका, कलम १३४-ए मदत करणाऱ्याला वाचवतं, नाव-पत्ता सांगायची जबरदस्ती कोणी करू शकत नाही. २०२५ पासून अपघातातल्या जखमीला कॅशलेस उपचाराची स्कीम आहे, दीड लाखापर्यंत, अपघातापासून ७ दिवस. दवाखान्यात काउंटरवर हे स्वतःहून बोला, विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, आमच्या वेळी ही स्कीम नव्हती आणि आम्ही पहिल्याच रात्री म्हैस विकायचं ठरवून बसलो होतो.

नंतरचं काम घरातल्या एका शांत माणसाकडे द्या. त्याने दुसऱ्याच दिवशी आसपासच्या पेट्रोलपंप, ढाबा, सोसायटी, ग्रामपंचायत जिथं जिथं कॅमेरा आहे तिथं लेखी अर्ज द्यायचा की अमुक तारखेचं अमुक वेळेचं फुटेज पुसू नका, आणि एक कॉपी पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्यायची. डीव्हीआर भरला की जुनं आपोआप पुसलं जातं, महिनाभराने गेलात तर हाती काही लागत नाही. आम्ही आठ दिवसांनी गेलो होतो, एकाच पंपाचं मिळालं.

एफआयआरमध्ये पाठलाग चालू होता हा शब्द आला पाहिजे. हे नीट वाचून मगच सही करा. बऱ्याचदा नुसतं भरधाव वाहनाने धडक दिली एवढंच लिहिलं जातं आणि मागची गाडी कागदावरून गायब होते. मोटार अपघात प्राधिकरणात दावा ६ महिन्यांच्या आत टाका, धडक देणारी गाडी आणि पाठलाग करणारं खातं दोघांना पार्टी करायचं का ते वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा. धडक देणारी गाडी सापडलीच नाही तर हिट अँड रनची भरपाई आहे, मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार, त्याचा अर्ज प्रांत-तहसीलच्या ऑफिसात चौकशी करून टाकायचा. पोलिसांच्या वागण्याबद्दलच तक्रार असेल, म्हणजे ढकललं, मुद्दाम आडवी घातली, तर आधी पोलीस अधीक्षकांकडे लेखी, आणि गंभीर दुखापत किंवा मृत्यू असेल तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे पण जाता येतं.

साहेबांना काय विचारायचं

शांतता समितीची मीटिंग होते, ग्रामसभा होते, तिथं उठून पाठलाग बंद करा असं ओरडू नका. तसं ओरडलं की समोरचा म्हणतो तुम्ही वाळूवाल्यांच्या बाजूने बोलून राहिले, आणि गावात कोणाचे ट्रॅक्टर आहेत ते सगळ्यांना माहीत असतं, मग विषय तिथंच मरतो. मी पहिल्या वेळी हीच चूक केली. दुसऱ्या वेळी कागदावर लिहून नेलं आणि वाचून दाखवलं, तेव्हा साहेबांनी पण पेन काढला.

विचारायचं ते असं. गाडी मागे लावायची की नाही हे कोण ठरवतं, जीपमधला ड्रायव्हर, त्याच्या बाजूला बसलेले साहेब, की कंट्रोल रूम? कोणत्या गुन्ह्यासाठी लावायची आणि कोणत्या नाही, याचा लेखी आदेश आहे का? शाळा सुटायची वेळ, बाजाराचा दिवस, कानबाईची किंवा गणपतीची मिरवणूक, धुकं, या वेळी थांबायचं असं त्यात आहे का? पथक खाजगी गाडीतून मागे लागतं तेव्हा तिच्यावर सायरन-दिवा असतो का, ड्रायव्हर कोण असतो, त्याला काही ट्रेनिंग दिलंय का? पाठलागात आजवर किती अपघात झाले त्याची नोंद वेगळी ठेवतात का? आणि हे महसूलच्या पथकाला पण तसंच विचारा, तिथं तलाठी-मंडळ अधिकारी बिचारे स्वतः जीव मुठीत घेऊन जातात, त्यांना पण लेखी नियम हवाच आहे, मी दोघांशी बोललोय.

तोंडी उत्तर मिळालं तरी हेच प्रश्न माहिती अधिकारात टाका. पोलीस अधीक्षक कार्यालयाचे जन माहिती अधिकारी, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय. का, कशासाठी असे शब्द नको, आदेशाची प्रत द्या, नोंदवहीची प्रत द्या, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, असं लिहायचं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागतं. लेखी आदेश अस्तित्वात नाही असं उत्तर आलं तर ते पण कामाचं आहे, तेच उत्तर जोडून ग्रामसभेचा ठराव करा की असा आदेश काढावा, आणि ठरावाची प्रत पोलीस अधीक्षक, जिल्हाधिकारी दोघांना पाठवा.

ठराव करतानाच त्यात आपल्या फाट्याचं पण घाला. हायमास्ट दिवा, वळणाच्या बाहेरच्या बाजूला क्रॅश बॅरिअर, आणि गावातल्या प्रत्येक ट्रॉलीला, बैलगाडीला मागून रेडियम. रेडियमची पट्टी बाजारात शंभर-दोनशेत येते, आम्ही मागच्या पोळ्याला वर्गणी काढून गावातल्या सगळ्या गाड्यांना लावली, भावाच्या नवीन बाईकच्या कॅनला पण लावलीय, चारही बाजूंनी.